भीमेकडे की नीरेकडे

पप्पांनी मला माळावर चालायला पाठवलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि घरात बसून होते. पुण्यात होस्टेलवर राहून, इंग्रजी शाळेत आणि मग कॉलेजात शिकून मी बारामतीला परत आले होते. पदवी होती, नोकरी नव्हती. मैत्रिणी पुण्यात राहिल्या, आणि बारामतीत मला मैत्रिणी कधी झाल्याच नव्हत्या. आई सकाळीच तिच्या झेडपीच्या शाळेवर निघून जायची. मग दिवसभर घरात पप्पा आणि मी. आमच्यात बोलणं फार होत नसे. माझं मराठी पुस्तकातलं होतं, त्यांचं इंग्रजी नकाशावरचं.

पप्पा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीनं जे आखतील ते ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं उतरवायचं, हे त्यांचं काम. निळ्या प्रिंटांना येणारा अमोनियाचा वास त्यांच्या शर्टांना वर्षानुवर्षं येत असे. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढंच दिसायचं, आणि ती नळी दर महिन्याला अरुंद होत होती. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी मला कपाटावरची गुंडाळी काढायला सांगितली. नकाशा आधीही पाहिला होता, पण कधी नीट वाचला नव्हता. मोरगावच्या उत्तरेकडच्या टेकड्यांपासून एक तुटक रेघ निघून आग्नेयेला सरकत गेली होती. सुप्याच्या बाजूनं, भिगवणच्या रस्त्याला ओलांडून, इंदापूर तालुक्यात शिरून थेट नीरा-नरसिंहपूरपर्यंत. तिथं दोन नद्या एकत्र आल्या होत्या आणि रेघ संपली होती.

“ही मी काढलेली,” पप्पा म्हणाले. “हिच्या वरच्या अंगाला पडलेलं पाणी भीमेला जातं. खालच्या अंगाला पडलेलं कऱ्हेला, नाहीतर नीरेला.”

शाळेच्या लायब्ररीत एक जाड पुस्तक होतं. परदेशातल्या कुठल्याशा पर्वताच्या कण्यावरून महिनोन्महिने चालत जाणाऱ्या लोकांचं. एका पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात असं त्यात लिहिलं होतं. फोटोत बर्फ होतं, देवदार होते, पाठीवर मोठाल्या पिशव्या घेतलेली माणसं होती. तसली रेघ आमच्या घरामागच्या बोडक्या माळावरूनही जात असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

“हिच्यावरून कोणी चाललंय का?” मी विचारलं.

“मेंढरंवाले चालत असतील. मी नाही.” मग त्यांनी विचारलं, “तू चालशील?”

मग त्यांनी कारण सांगितलं. पप्पांनी माझ्याकडे काही मागितलं, असं ते पहिल्यांदाच झालं.

निमगाव केतकीच्या पुढं एक सपाट पट्टी आहे. तिथं कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, इतक्या लांब लांब पडतात की रेघ मधून कुठूनही नेली तरी चालेल असं वाटतं. साहेबांच्या पेन्सिलीचा माग तिथं पुसट झाला होता. विचारायला जायचं सोडून पप्पांनी ती अंदाजानं जोडली. पुढं त्याच रेघेवरून शेताची चारी खणली गेली. चारी अशीच माथ्यावरून नेतात, म्हणजे दोन्ही अंगांना पाणी आपोआप उतरतं. पण काही वर्षांनी चारीचं पाणी सोडणारा एक पाटकरी ऑफिसात आला, आणि टेबलापाशी उभा राहून दुसऱ्याच कुणाला म्हणाला की तिथं उत्तरेकडच्या रानात पाणी चढत नाही. पप्पा मान खाली घालून काम करत राहिले. तेव्हापासून त्यांना शंका होती की माथा आणखी वर आहे, आणि चारी चुकीच्या जागी आहे.

“तू बघून ये आणि सांग,” ते म्हणाले. “रेघ बरोबर आहे की चूक. मला एवढंच पाहिजे.”

“मग रविवारी थेट निमगावलाच जाते ना.”

“थेट जाऊन कळायचं नाही. सपाटीवर डोळा फसतो. वरनं चालत ये. पायांना रेघेची सवय झाली पाहिजे.” आणि त्यांनी मला एक नियम सांगितला, जो मला आजही पाठ आहे. “वाटेत ओढा ओलांडावा लागला की समजायचं, चुकलीस. माथ्यावरून चालणाऱ्याला पाणी आडवं येत नाही.”

असे माझे रविवार सुरू झाले. पहाटेची एसटी धरायची, पप्पांनी सांगितलेल्या फाट्यावर उतरायचं, माथ्यावरून पुढच्या डांबरी रस्त्यापर्यंत चालायचं आणि तिथून संध्याकाळची गाडी पकडून घरी. पुढच्या रविवारी त्याच जागेपासून पुढं. शाळेतले पांढरे पीटीचे बूट, छत्री, पाण्याची बाटली आणि पिशवीत नकाशाची नक्कल. आईला हे पसंत नव्हतं. “एकटी पोरगी माळावर फिरते, लोक काय म्हणतील?” असं ती दर शनिवारी म्हणायची आणि तरी पोळ्या बांधून द्यायची.

लोक काय म्हणतील हा प्रश्न तसा आलाच नाही, कारण बहुतेक वेळा लोकच नव्हते. कुसळी गवत वाळून पिवळं पडलेलं. मुरूम, टाकळा, मधूनच एखादी बाभूळ. सुप्याच्या बाजूला एकदा चिंकारा दिसला. तो माझ्याकडे पाहत थांबला, मीही थांबले, आणि बराच वेळ दोघंही हललो नाही. मग तो वळून गेला. त्या दिवशी माझी दुसऱ्या कुणाशीच गाठ पडली नाही. संध्याकाळी कंडक्टरला “बारामती एक” म्हणताना माझा आवाज मलाच खरखरीत वाटला. सकाळच्या एसटीतून उतरल्यापासून उच्चारलेले ते पहिलेच शब्द होते.

एकटं असण्याची मला सवय होती. होस्टेलवर शंभर मुलींतही मी एकटीच असायचे. आडनाव सांगायची वेळ आली की विषय बदलायचा, सणाच्या सुट्टीनंतर “तुमच्याकडे काय करतात?” असं कुणी विचारलं की पुस्तक उघडायचं. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, घरात बुद्धाची तसबीर आहे, हे लपवण्यासारखं नव्हतं. तरी मी ते कुणाला सांगत नसे. माळावर विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून तिथला एकटेपणा आधी हलका वाटला. चौथ्या-पाचव्या रविवारी तोच जड व्हायला लागला. कुणी विचारत नाही म्हणजे मी असले काय नसले काय, असं वाटायचं. पाठीमागे वळून पाहिलं तर गवतावर माझी पाऊलवाटसुद्धा उमटलेली नसायची.

माणूस भेटलंच तर पहिला प्रश्न ठरलेला. शेरडं राखणारे एक तात्या मला अडवून म्हणाले, “मॅडम, कंचं खातं?”

माझ्या हातात नकाशा होता. “पाटबंधारे,” मी म्हणाले. अगदीच खोटं नव्हतं.

“मंग पाणी येणार म्हणा की हितं!”

“नाही हो. इथं उंच आहे. उंचावर पाणी कसं येणार?”

“उंचावर न्हाय तर काय खड्ड्यात आणता व्हय? खड्ड्यात ते आपणहून जातंय. त्याला खातं कशाला लागतंय?”

मी नकाशाची घडी घातली. तात्या शेरडांना सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, “चला रं, मॅडम बघून गेल्या. आता काय कमी न्हाय आपल्याला.” आणि हसत हसत उतरून गेले. रात्रीच्या जेवणाला मी हे पप्पांना सांगितलं. ते गालात हसले. त्या दिवसांत आमचं बोलणं व्हायचं ते असं, रविवारच्या संध्याकाळी. मी कॉटवर पाय सोडून बसायचे, आई सलवारीतली कुसळं एकेक उपटायची, आणि पप्पा डोळे मिटून विचारायचे, “मग उंडवडीच्या पुढं डावीकडं वळलीस का?” मी सांगेन तशी ती रेघ ते डोळ्यांपुढं चालत असावेत. एकदा मी ओढा ओलांडला होता. ते मी सांगितलं नाही. तरी त्यांनी अंतरावरून ताडलं आणि पुढच्या रविवारी मला अर्धा दिवस मागं पाठवलं.

निमगाव केतकीच्या पुढच्या पट्टीवर मी पोचले तेव्हा थंडी सरत आली होती. खालच्या अंगाला ऊस, वांगी, लांबवर पानमळ्यांची हिरवी कुंपणं. वरच्या अंगाला शाळू, तोही बेताचा. मध्ये चारी वाहत होती. मी तिच्या बांधावर उभी राहिले आणि चारी दिशांना पाहिलं. सगळं सपाट. पप्पा म्हणाले होते तसा डोळा फसत होता, आणि इतके रविवार चालूनही माझ्या पायांना काही कळत नव्हतं.

वरच्या रानात एक बाई शाळूच्या ताटांवरची पाखरं हाकत होती. आईच्याच वयाची असेल. पलीकडे शेवग्याखाली बाजेवर एक म्हातारे आबा बसले होते, तिचे सासरे. मी जवळ जाऊन विचारलं, “ताई, इथलं पाणी कुठल्या बाजूला जातं? भीमेकडे की नीरेकडे?”

तिनं गोफण खाली केली. “पाणी? हितं पाणी हाय कुठं जायाला?”

“म्हणजे पावसाचं.”

“पावसाचं व्हय. ते आलं की इचारून सांगते.” आणि आबांकडे वळून ओरडली, “आबा, ह्या बाय इचारत्यात, पाणी कुणीकडं जातंय!”

आबांनी मला जवळ बोलावलं. नकाशा पाहिला, उलटा धरून पाहिला, परत दिला. “कागदावर दिसायचं न्हाय ते. चारीवरनं एक घागर भरून आण. आण हितवर. मग तूच सांग मला.”

बाईनं हसून घागर पुढं केली. “आणा की. माझी बी तेवढीच एक खेप वाचंल.”

मी हात पुढं केला नाही. ती प्यायच्या पाण्याची घागर होती. घासून लख्ख केलेली, तोंडाला कापड बांधलेली. आईच्या लहानपणी गावच्या पाण्याजवळ काय व्हायचं, ते आई एकदाच बोलली होती, आणि तेही कपबशा विसळता विसळता, माझ्याकडे न बघता. या बाईनं मला आडनाव विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर घागर दिली असती का, हे मला माहीत नव्हतं. आपण काहीतरी चोरून घेतोय असं वाटत मी ती घेतली.

चारीवर घागर भरली. बाईच माझ्याबरोबर आली होती, तिनं चुंबळ डोक्यावर ठेवून घागर चढवली. पहिल्या दहा पावलांत अर्धी ओंजळ पाणी माझ्या खांद्यावर.

“अगं बाय, रस्त्याला पाजती का काय? मान ताठ. लगीन झालं का?”

“नाही.”

“तरीच.”

पप्पांनी मोजायची सवय लावली होती म्हणून मी पावलं मोजत होते. शंभरापर्यंत काही वाटलं नाही. दीडशेच्या पुढं पोटऱ्या भरून आल्या. मग मानेत कळ बसली, श्वास तोंडानं घ्यावा लागला, आणि मला कळलं की मी चढतेय. डोळ्यांना अजूनही सगळं सपाटच दिसत होतं. दोनशे दहाव्या पावलाला मी शेवग्याशी पोचले. त्याच्यापुढं दोन पावलं टाकली आणि एकदम ओझं पुढं ओढायला लागलं. तो माथा होता. आबांची बाज बरोबर त्याच्यावर होती.

बाईनं घागर उतरवून घेतली. आबा म्हणाले, “कळलं का आता, पाणी चारीवरनं हितं का चढत न्हाय ते?”

मी मान हलवली.

“चारी हितनं, ह्या शेवग्यावरनं जायला पायजे हुती. कुणी एकानं टेबलावर बसून रेघ वढली आन आमचं रान पलीकडं टाकलं. आमी कवाधरनं खेपा घालतोय.” ते रागानं बोलत नव्हते. जुना, बोलून बोलून गुळगुळीत झालेला विनोद सांगावा तसं सांगत होते. “त्याला म्हणावं, एकडाव यिऊन घागर उचल. तू त्याच हापिसातली न्हवं? सांगशील?”

“सांगते,” मी म्हणाले. तो माणूस कोण ते मी सांगितलं नाही. बाईनं हुरडा पुढं केला. तो मी खाल्ला. गरम होता, गोड होता. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ठरवलं की घरी काय बोलायचं.

पप्पा दारातच बसले होते. बुटांचा आवाज ओळखून म्हणाले, “काय दिसलं?”

“रेघ बरोबर आहे, पप्पा.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी एक लांब श्वास सोडला. त्या संध्याकाळी त्यांनी एक भाकरी जास्त मागून घेतली. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी ताटाकडे. एवढं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि इतकं सोपं काही केलंही नव्हतं. त्यांना आता दिसणार नव्हतं, ते कधी तिथं जाणार नव्हते, ते रान कुणाचं हेही त्यांना कळणार नव्हतं. माझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. असं एकट्यानं माहीत असणं माळापेक्षाही ओसाड असतं, हे मला अंथरुणावर पडल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी माझी मान आखडली. आई शाळेतून आल्यावर तेल चोळायला बसली. “काय उचललंस गं एवढं?”

“घागर,” मी म्हणून गेले. “भरलेली. त्यांनी गंमत म्हणून डोक्यावर दिली.”

कोपऱ्यातून पप्पांचा आवाज आला. “कुठून कुठं नेलीस?”

“चारीवरून त्यांच्या रानात.”

“किती पावलं?”

“दोनशे दहा.”

“मान कधी धरली? सुरुवातीला की शेवटी?”

आईचा हात थांबला. पप्पा म्हणाले, “सपाटीवर नेली असती तर पहिल्यापासून सारखी दुखली असती. शेवटी दुखली म्हणजे चढ होता.” ते चिडले नव्हते. टेबलावर नकाशा तपासताना बोलत असतील तसं बोलत होते. “चढ होता ना?”

“हो.”

“मग बरोबर आहे असं का सांगितलंस?”

त्याचं उत्तर मला मराठीतही देता येत नव्हतं, इंग्रजीतही नाही. मी उलट विचारलं, “तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? पाटकरी आला तेव्हा?”

ते हाताच्या बोटांकडे पाहू लागले. बोटं त्यांना दिसत होती की नाही, माहीत नाही.

“दुसऱ्या कुणाची चूक झाली असती तर लोक म्हणाले असते, चूक झाली,” ते म्हणाले. “माझी झाली असती तर म्हणाले असते, ह्यांना कुठलं जमतंय. त्या हॉलमध्ये आपल्यातला मी पहिला होतो, बाळ. माझ्यामागं आपलीच दोन पोरं तिथं नोकरीला लागायची होती. मला चूक परवडत नव्हती.” आणि थोड्या वेळानं, “ते रान कुणाचं आहे ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.”

आई उठून चहा ठेवायला गेली तेव्हा मी त्यांना आबांचा निरोप सांगितला, एकदा येऊन घागर उचलण्याचा. पप्पा म्हणाले, “ह्या रविवारी मला घेऊन चल.”

इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली, “मला काय करायची” म्हणाले. एमआयडीसीच्या फाट्यावर पाळी सुटलेल्या मोटरसायकलींचा गोंगाट झाला तेव्हा त्यांनी माझा कोपर धरला आणि मग दिवसभर सोडला नाही. मी त्यांच्याबरोबर अशी कधी चालले होते ते मला आठवत नव्हतं.

आबा बाजेवरच होते. बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पप्पांनी तो घेतला नाही. हात जोडून उभे राहिले आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट, सावकाश, रजिस्टरला लिहून घेतात तसं. मग म्हणाले, “चारीची रेघ मी काढली होती. ती चुकली. माझी चूक आहे.”

मी आबांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. बाईच्या हातात तांब्या तसाच होता, आणि मला त्या तांब्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

“म्हंजी तुमी हुता व्हय ते,” आबा म्हणाले. मग चारीकडे हात करून, “चारी खणणारं कोण हुतं मंग? त्यांला डोळं न्हवतं? आमी हितं उभं राहून बोंबलत हुतो, त्यांला कान न्हवतं? तुमच्या एकट्याची रेघ व्हय ती?”

“सुरुवात माझी.”

“ते हायच.” आबांनी पप्पांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. “आन डोळं हुतं तवा फिरकला न्हाईसा. डोळं गेल्यावर आलाय व्हय बघायला?”

पप्पा हसले. खरोखरच हसले, पोटातून. असं हसताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. “बघायला नाही आलो,” ते म्हणाले. “तुम्ही निरोप दिला होता ना. घागर उचलायला आलोय.”

“अवो, ते आपलं बोलायचं...”

पण पप्पांनी ऐकलं नाही. बाईनं तांब्या परत पुढं केला. ते घटाघटा प्यायले आणि घागर मागितली. ती तिनं लगेच दिली नाही. आधी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. त्या पाहण्यात काय होतं हे मी खूपदा मनात उलटसुलट करून पाहिलंय. कदाचित एवढंच असेल की आंधळ्या पाहुण्याला ओझं कसं द्यायचं. कदाचित नसेल.

चारीवर जाऊन घागर भरली आणि पप्पांनी ती खांद्यावर घेतली. मी पुढं, त्यांचा एक हात माझ्या पाठीवर. ते मोठ्यानं मोजत होते. एकशे साठला आवाज फुटायला लागला. एकशे नव्वदला थांबले, श्वास घेतला, पुन्हा निघाले. शेवग्यापाशी घागर उतरवल्यावर त्यांनी वाकून तळहातानं माती चाचपली, जणू कंटूर हातालाच लागणार होती.

“चढ आहे,” ते म्हणाले.

बाजेवर बसून त्यांनी मला अर्ज सांगितला आणि मी लिहिला. माझं मराठी शुद्धलेखन आबांच्या शाळकरी नातीपेक्षा वाईट निघालं, हे त्या नातीनंच मोठ्यानं जाहीर केलं. अमुक साली मी काढलेल्या रेघेत चूक असून, असं त्यात होतं. खाली पप्पांची सही, चाचपडत केलेली, पण पूर्ण नावाची. अर्जाची पोच मिळाली. चारी हलली नाही. निदान मी बारामतीत होते तोवर नाही. आबांना त्याचं नवल वाटलं नसावं. “कागुद झाला, हे बी कमी न्हाय,” ते निघताना म्हणाले होते.

राहिलेली रेघ मी एकटीनंच चालले. पप्पांना आणखी दमवायचं नव्हतं. शेवटच्या रविवारी, नरसिंहपूरच्या अलीकडे, बांधावर बसलेल्या एका माणसानं मला विचारलं, “कुणाच्या तुमी? आडनाव काय?”

मी सांगितलं.

तो क्षणभर थांबला. त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, अजूनही लागत नाही. मग तो म्हणाला, “बांधाबांधानं जावा. खाली काटं हायती.”

मी बांधाबांधानं गेले. शेवटी जमीन निमुळती होत गेली आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागलं. टोकाला देवधर्माला आलेल्या माणसांची वर्दळ नव्हती, ती घाटाकडे होती. इथं नुसता गाळ होता, शेरडांच्या खुरांचे ठसे, एक फाटकी चप्पल. मी बराच वेळ उभी राहिले. बोलायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी पप्पा दारात होते. “रेघ कुठं संपते?” त्यांनी विचारलं.

“चिखलात,” मी म्हणाले. “पप्पा, नकाशात टोक दाखवलंय तितकं टोकदार नाही. पंधरा-वीस पावलं गाळच आहे. नक्की कुठं संपते ते मला सांगता येत नाही.”

त्यांनी मान हलवली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. आणि सरकून पायरीवर मला बसायला जागा केली.